अप्पांनी पाईप सोडला तो आश्विन

परवा सकाळी चहाचं आधण ठेवलं होतं आणि मांडणीतल्या वाट्या एकमेकींवर वाजल्या. दोन-तीन सेकंदच. आधी वाटलं, मांजर आलं. मग खिडकीचं तावदान थरथरलं, तेव्हा गॅस बंद करून मी अनवाणीच तिसऱ्या मजल्यावरून खाली आले. नांदेडात आम्हाला आता भूकंपाच्या या धक्क्यांची थोडी सवय होत चालली आहे. तरी पाय जिन्यावर पळतातच.

खाली सगळी इमारत जमली होती. कुणाच्या हातात मोबाईल, कुणाच्या तोंडात ब्रश. तळमजल्यावरचे निवृत्त ग्रामसेवक काका फाटकाला टेकून उभे होते. त्यांनी बंडीच्या खिशातून पुडी काढली. डाव्या तळहातावर तंबाखू घेतली, नखानं चुना लावला, अंगठ्यानं सावकाश मळली आणि उजव्या हाताच्या बोटांनी वर दोन थापा दिल्या. धूळ उडाली. चिमूट खालच्या ओठात गेली आणि मगच ते बोलले, "हिंगोलीकडं असंल."

लोक दहा मिनिटांत वर गेले. मी मात्र तिथंच थोडा वेळ उभी राहिले. आश्विनातलं कोवळं ऊन, ओल्या मातीचा वास, घराबाहेर आलेली माणसं आणि तळहातावरची ती थाप, एवढं सगळं एकत्र मी याआधी एकदाच अनुभवलं होतं. तेव्हा मी दहावीत होते.

आम्ही तेव्हा अहमदपूरला राहत होतो. अप्पा, म्हणजे माझे वडील, तिथल्या शाळेत गणित शिकवायचे. अहमदपुरात विडी ओढणारे शेकडो होते, चिलीम ओढणारेही होते. पाईप ओढणारे मात्र अप्पा एकटेच. हैदराबादला कॉलेजात असताना त्यांचे एक प्राध्यापक पाईप ओढायचे. फळ्यावर अवघड उदाहरण लिहायचं, पाईप दातांत धरायचा आणि वर्गाकडे बघत उभं राहायचं, अशी त्यांची पद्धत होती म्हणे. अप्पांनी त्यांच्याकडून गणित घेतलं आणि हेही घेतलं.

अप्पांचा पाईप मात्र अहमदपूरचाच होता. तो गफूरचाचांनी खरादावर करून दिलेला. गफूरचाचांचं घर आमच्या घराला लागून. त्यांच्या पडवीत लाकूड कातायचा खराद होता आणि दिवसभर त्यावर खाटेचे पाय, लाटणी, पाळण्याच्या दांड्या उतरत असायच्या. पहिला पाईप त्यांनी बाभळीचा केला. तो आठ दिवसांत तडकला. मग शिसमाचा केला. त्यात आग सहन करण्याइतका दम होता. चाचांनी त्याला तेल पाजून, घासून, पुसून अप्पांच्या हातात दिला तेव्हा मी तिथंच होते. "मास्तर," चाचा म्हणाले, "हे एवढं एकच असलं काम केलंय आयुष्यात. दुसरं कुणी मागितलं तर मी न्हाई म्हणणार."

संध्याकाळी सहाला अप्पा ओट्यावर बसायचे. डबी उघडायची, तंबाखू बोटांनी सुटी करायची, पाईपात भरायची, दाबायची, पुन्हा थोडी काढायची, काडी ओढायची. ती विझायची, दुसरी ओढायची. गोडसर, जरा करपट वास अंगणात पसरायचा आणि आईनं तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार लोटलेलं असायचं. पावणेसातला पाईप उंबऱ्याच्या दगडावर ठोकून रिकामा व्हायचा. दिवसातून एवढंच. शाळेत नाही, पाहुण्यांत नाही, प्रवासात नाही.

चाचा शेजारी बसून आपली तंबाखू मळत राहायचे.

"मास्तर, तुमचं म्हंजे अर्धा घंटा तयारी आन् पाव घंटा धूर," ते म्हणायचे. "आमचं बघा. तळहातावर दुकान."

"गफूरभाई, माझा धूर वर जातो. तुमचं पोटात चाललंय."

"पोटात न्हाई, मास्तर. रस्त्यावर." असं म्हणून ते ओट्याखाली पिंक टाकायचे, आणि आई आतून म्हणायची, "भाऊजी, जरा लांब."

हा संवाद मी इतक्या वेळा ऐकला आहे की कोणत्या दिवशीचा कोणता, हे आता सांगता येणार नाही.

भूकंप झाला तो गणपती बोळवल्यावर, पहाटे. अहमदपूर पडलं नाही. पडली ती तिकडं, औशाच्या पलीकडची गावं. आमच्या जिन्याला वरपासून खालपर्यंत भेग गेली आणि चाचांच्या पडवीची एक भिंत बसली, एवढंच. पण नंतर दिवाळीपर्यंत अर्धा जिल्हा घराबाहेर राहिला. पडलेले बाहेर होते, आणि न पडलेलेही. आम्ही शाळेच्या मैदानावर होतो. आमच्या आणि चाचांच्या घरात मिळून एकच मोठी ताडपत्री होती, म्हणून दोन्ही घरं तिच्याखाली. जमीन ओली होती. खाली कडबा अंथरला, त्यावर सतरंज्या, त्यावर गोधड्या. दर दोन दिवसांनी पाऊस यायचा. ओल्या ताडपत्रीचा तो वास अजून कुठं आला की माझे पाय आपोआप गार पडतात.

एक गंमतही सांगायला हवी. त्या दिवसांत सीताफळं उदंड आली होती. बालाघाटाच्या डोंगरातून बायका पाट्या भरून आणायच्या. आम्ही मुलं कडब्यावर पाय पसरून सीताफळं खायचो आणि बिया कोण लांब उडवतो ते बघायचो. मैलोन्‌मैल माणसं मेली होती, आणि आम्ही बिया उडवत होतो. ते वाईट होतं असं मला वाटत नाही. पण ते तसं होतं.

अप्पा शिक्षकांच्या एका तुकडीबरोबर तिकडं गेले. धान्य आणि घोंगड्या घेऊन गेले आणि आठ दिवसांनी परत आले. काय पाहिलं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. आईलाही नाही. फक्त एकदा चाचांना म्हणाले, "गफूरभाई, तिथं माझे तीन विद्यार्थी होते. हजेरी घ्यायची सवय आहे ना मला. नावं तोंडात येत होती." चाचांनी तंबाखू मळलेली होती, ती तशीच हातात राहिली.

त्यानंतर अप्पांचा पाईप संध्याकाळी सहाची वाट बघेना. सकाळी उठल्याबरोबर पेटायला लागला. मग दुपारी. शाळा बंद होती, काम नव्हतं. मैदानाच्या कडेला बसून ते तासन्‌तास ओढायचे. पाऊस आला की ताडपत्रीखाली यायचे, पाईपासकट.

एका दुपारी वारा सुटला होता. अप्पा ताडपत्रीच्या तोंडाशी बसले होते. मी आणि आई चुलीच्या बाजूला होतो. माझा धाकटा भाऊ आत झोपला होता, पण कुणीतरी सीताफळवाली आली म्हणून हाक मारली आणि तो उठून पळाला. पाईपातली ठिणगी केव्हा उडाली ते अप्पांनाही कळलं नाही. चाचींना आधी वास आला. त्या आत धावल्या आणि पिण्याच्या पाण्याची अख्खी घागर त्यांनी भावाच्या गोधडीवर ओतली. गोधडीला भाकरीएवढं भोक पडलं होतं. खालचा कडबा काळा पडला होता, पण पेटला नव्हता. पेटला असता तर मैदानावरच्या साठ-सत्तर ताडपत्र्यांचं काय झालं असतं, हे तिथं सगळ्यांना समजत होतं.

आई ओरडली नाही. तिनं गोधडी उचलून अप्पांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "जमिनीनं घर ठेवलं. आता हातानं जाळायचं काय?"

अप्पा त्या भोकाकडे बघत बसले. चाचा उठले, त्यांच्या जवळ येऊन उकिडवे बसले आणि त्यांच्या हातातून पाईप काढून घेतला. मग आपल्या कमरेची चंची सोडली. तंबाखू घेतली, चुना लावला, मळली, दोन थापा दिल्या आणि तळहात अप्पांपुढे धरला.

"हे घ्या मास्तर. ह्याच्यात आग न्हाई, धूर न्हाई. कुनाला तरास न्हाई."

अप्पांनी ती चिमूट घेतली. ओठात धरली. पाच मिनिटांनी त्यांना घाम फुटला, उचकी लागली आणि मैदानाच्या कुंपणाशी जाऊन ते ओकले. चाची चाचांवर चिडल्या. दुसऱ्या दिवशी अप्पांनी पुन्हा मागितली. तिसऱ्या दिवशी ओकले नाहीत. दिवाळीला आम्ही घरात राहायला गेलो तेव्हा अप्पांच्या सदऱ्याच्या खिशात स्वतःची चुन्याची डबी होती.

सगळ्यांना आनंद झाला. सरांनी पाईप सोडला, असं गावभर झालं. मुख्याध्यापकांनी शाळा उघडल्यावर शिक्षकांच्या खोलीत त्यांचं अभिनंदन केलं. आईनं देवापुढे नारळ फोडला. मीसुद्धा मैत्रिणींना अभिमानानं सांगितलं. घरातला खोकला गेला, पडद्यांचा वास गेला, हे खरंच होतं. सोडला या शब्दानं आमचं सगळ्यांचं समाधान झालं. काय धरलं, हे कुणी विचारलं नाही. विचारण्यासारखं ते वाटलंच नाही. तंबाखू खाणं ही आमच्याकडे सवयसुद्धा मानत नाहीत. बस स्टँडवर अनोळखी माणूस अनोळखी माणसाकडे चुना मागतो, आणि तो देतो.

पुढच्या वर्षी मी अकरावीला लातूरला आले. भूकंपानंतरचं ते लातूर दोन कामांत गुंतलं होतं. एकीकडे पडलेल्या गावांसाठी पत्रे, सिमेंट, ट्रक, दुसरीकडे क्लास. बोर्डात लातूरची मुलं वर येत होती आणि चारी बाजूंनी मुलं येऊन पडत होती. भोकर, हिमायतनगर, देगलूर, उदगीर. एका खोलीत चार खाटा. पहाटे सायकलींची रांग, दुपारी मेसचे डबे, विजेच्या प्रत्येक खांबावर क्लासची पाटी. अप्पा आधी शनिवार-रविवारी यायचे, एका क्लासमध्ये शिकवायचे आणि मला भेटून परत जायचे. दोन वर्षांनी त्यांनी शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आमचं घरच लातूरला आलं.

अप्पा फार चांगले शिक्षक होते. हे मुलगी म्हणून सांगत नाही, मी त्यांच्या वर्गात बसले आहे. ज्या मुलांना गणिताची भीती वाटायची त्यांच्याशी ते एखाद्या आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलायचे. सकाळी सहापासून संध्याकाळी आठपर्यंत तासांवर तास. एकेका वर्गात दीडशे मुलं. आणि या सगळ्या वेळात उजव्या गालात तंबाखू.

मला हे पुष्कळ वर्षांनी लक्षात आलं. पाईपाला जागा लागायची, वेळ लागायचा, काडी लागायची, आईनं दार लोटणं लागायचं. शाळेत तो नेता येत नव्हता. म्हणून तो पाऊण तासाचा होता. भूकंपानंतरचे ते पंधरा-वीस दिवस सोडले तर कायमच पाऊण तासाचा. तंबाखूला काहीच लागत नव्हतं. ती वर्गात आली, बसमध्ये आली, लग्नात आली, झोपेतही गालात राहिली. कुणाला त्रास नाही, असं चाचा म्हणाले होते ते अगदी बरोबर होतं. कुणाला त्रास नव्हता म्हणूनच तिला कुणी अडवलं नाही.

त्यांच्या वर्गात खिडकीजवळच्या पहिल्या बाकावर वंदना नावाची मुलगी बसायची. हिमायतनगरची. अबोल आणि फार हुशार. उदाहरण सोडवताना अप्पा मध्येच खिडकीकडे वळले की ती न बघता आपलं दप्तर बाजूला घ्यायची. अप्पा खिडकीबाहेर पिंक टाकायचे आणि पुढची पायरी सांगायचे. दोघांनाही त्यात काही वाटत नव्हतं. बारावीनंतर ती दाताची डॉक्टर व्हायला गेली.

त्यानंतर दहाएक वर्षं अशीच गेली. माझं लग्न झालं, मी नांदेडला आले. माहेरी गेले की बारीकसारीक बदल दिसायचे. अप्पांनी ठेचा खाणं सोडलं. "तिखट सोसत नाही, वय झालं." मग भाकरी दुधात कुस्करून खायला लागले. मग आंबा चोखणं बंद झालं, फोडी बारीक करून हव्यात. हसताना तोंड पूर्वीसारखं उघडत नाही असं मला एकदा वाटलं, पण अप्पा फार हसणाऱ्यांतले नव्हतेच. आई म्हणायची, "दात दुखत असंल, दाखवत न्हाईत." फोनवर त्यांचे शब्द जरा जड यायला लागले. मी त्याचा दोष फोनला दिला.

वंदनानं लातूरला दवाखाना उघडला आणि उद्‌घाटनाला सरांना बोलावलं. मी त्या दिवशी माहेरी होते, म्हणून बरोबर गेले. तिनं नमस्कार केला, पेढा पुढे केला. अप्पांनी पेढ्याचा हरभऱ्याएवढा तुकडा तोडला आणि दोन बोटांनी दातांच्या फटीतून आत सारला. वंदना ते बघत होती. बाकी पाहुण्यांकडे तिचं लक्ष राहिलं नाही.

"सर, जरा आत येता? खुर्ची नवी आहे, तुम्हीच आधी बसा."

अप्पा हसून बसले. तिनं दिवा ओढला. "तोंड उघडा सर." त्यांनी उघडलं. "अजून." ते म्हणाले, "एवढंच येतं." तिनं आपली तीन बोटं एकावर एक धरून दाखवली. "एवढी जायला हवीत सर." अप्पांच्या तोंडात एकच गेलं, तेही आडवं. मग तिनं आरशानं गालाच्या आत पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली. बाहेर कुणीतरी फोटोसाठी हाक मारत होतं.

"किती दिवसांपासून जखम आहे?"

"चुना लागतो कधी कधी," अप्पा म्हणाले. "भरून येते."

"ही भरून आलेली नाही सर."

तपासणीसाठी तुकडा घ्यावा लागेल, असं तिनं सांगितलं. काय असू शकतं तेही सांगितलं, आडवळणानं नाही. तिला त्यांनीच तसं शिकवलं होतं. उत्तर माहीत असेल तर गोल फिरू नये. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग जे म्हणाले ते माझ्या कानात तसंच्या तसं आहे.

"पण वंदना, मी तर पाईप सोडला होता. भूकंपाच्या वर्षीच."

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. "पाईप सोडला ते चांगलंच केलंत सर. पण तंबाखू नाही ना सोडली. धूर सोडला."

अप्पा खुर्चीत तसेच पडून राहिले. पायरी चुकलेलं उदाहरण कुणी दाखवलं की ते असेच थांबून चूक कुठं झाली ते मागे जाऊन बघायचे. त्या दिवशी ते किती मागे गेले असतील ते मला माहीत आहे.

ऑपरेशन हैदराबादला झालं. उजवा गाल, जबड्याचा तुकडा आणि जिभेचा थोडा भाग काढावा लागला. छातीवरचं मांस घेऊन गाल भरला. नंतर रेडिएशनचे शेक दिले. जगतील, असं डॉक्टर म्हणाले. बोलण्याचं मात्र सांगता येत नाही.

गफूरचाचा अहमदपूरहून भेटायला आले तेव्हा अप्पा लातूरच्या घरी येऊन महिना झाला होता. चाची मागेच वारल्या होत्या, चाचा एकटेच एसटीनं आले. दारात उभे राहिले, पण आत येईनात. आई म्हणाली, "भाऊजी, या की." तरी उभेच.

"भाभी, मी कसं येऊ? माझ्या हातानं दिलती मी."

अप्पांनी खाटेवरून हात केला. चाचा आले आणि खाली जमिनीवर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "मास्तर, मला वाटलं आग टळली. पोरगं वाचलं. मला काय ठाव..."

अप्पांच्या उशाशी पाटी असायची. त्यांनी पेन्सिल घेतली आणि लिहिलं. चाचांना मराठी वाचायला वेळ लागायचा, म्हणून मी वाचून दाखवलं: 'तुम्ही दिली ती एक चिमूट. बाकीची मी स्वतः घेतली.'

चाचांनी पाटी हातात घेतली, उलटी-सुलटी करून पाहिली आणि परत दिली. "तरी पन," म्हणाले.

अप्पांनी पाटी पुसून पुन्हा लिहिलं: 'उद्या वंदनाकडे चला.'

चाचा नको नको म्हणत होते. मला काय झालंय, मी लोखंड हाय, माझ्या बापानं नव्वदीपर्यंत खाल्ली. अप्पांनी त्यांचा दंड धरला तो सोडलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षात घालून घेऊन गेले, आई आणि मीही बरोबर गेलो. चाचांच्या खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा निघाला. वंदना म्हणाली, अजून वेळ गेलेली नाही, पण आजपासून बंद. आजपासून म्हणजे आजपासून, चाचा.

मग ती माझ्या आईकडे वळली. "काकू, तुम्ही?"

"मी कुठं तंबाखू खाते?" आई म्हणाली.

"दात कशानं घासता?"

माझी आई लहानपणापासून मिश्री लावत आली होती. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू, सकाळ-संध्याकाळ. घरात आम्ही कुणीच तिला तंबाखू म्हणत नव्हतो. मीही माहेरी असेपर्यंत बोटभर लावायची. खोलीत आम्ही पाच जण होतो, आणि जिच्या तोंडाला ती कधी लागली नव्हती अशी एकटी वंदनाच होती.

चाचा परत अहमदपूरला गेलेच नाहीत. आधी चट्ट्यासाठी दर आठवड्याला यावं लागेल म्हणून राहिले, मग राहूनच गेले. मागची खोली त्यांना दिली. तंबाखू सोडणं त्यांना फार जड गेलं. चिडायचे, डोकं धरून बसायचे, दोनदा चोरून खाल्ली आणि दोन्ही वेळा स्वतःच येऊन सांगितलं. हाताला काम हवं म्हणून आई त्यांना भुईमुगाच्या शेंगा द्यायची. चाचा आणि अप्पा दुपारभर ओसरीत शेंगा फोडत बसायचे. त्या वर्षी आमच्याकडे शेंगदाणे इतके झाले की आई शेजाऱ्यांना वाटायची. चट्टा हळूहळू गेला. आईची मिश्रीही गेली, पण ती कधी गेली ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

अप्पा बोलायचा प्रयत्न करायचे. पाटीचा त्यांना कंटाळा आला होता. पण अर्ध्या जिभेचे ते शब्द आम्हाला कळत नसत. चाचांना कळायचे. कसे, देव जाणे. अप्पा काहीतरी पुटपुटायचे आणि चाचा सांगायचे, "मास्तर म्हनतात चहात साखर जास्त झाली." किंवा, "मास्तर म्हनतात, त्या पोराला परत यायला सांगा, त्याचं कॅल्क्युलस कच्चं हाय." हो, मुलं यायची. चार-पाच, घरीच. अप्पा पाटीवर पायऱ्या लिहायचे आणि शेजारी बसलेले, गणिताचं नाव न काढलेले चाचा तोंडानं सांगायचे, "मास्तर म्हनतात, हितं चुकलंय. मागं जा." मुलं मागे जायची आणि खरंच तिथंच चुकलेलं असायचं. नांदेडहून मी फोन केला की चाचाच बोलायचे. "मास्तर म्हनतात, बेटी, काळजी करू नको. मास्तर म्हनतात, थंडी पडलीय, स्वेटर घाल." माझं मन हलकं व्हायचं. अप्पांनी आयुष्यात मला कधी स्वेटर घाल म्हटलं नव्हतं. आजारानं माणूस मऊ होतो, असं मी धरून चालले.

अप्पा त्यानंतर सहा वर्षं जगले. शेवटी दुखणं मानेत उतरलं. गेले त्या दुपारी मी पोचले होते. ते चाचांकडे बघून बराच वेळ काहीतरी बोलत होते, चाचा कान लावून ऐकत होते, मान हलवत होते. "हाव मास्तर. हाव."

तेराव्यानंतर मी नांदेडला निघाले तेव्हा चाचा रिक्षापर्यंत पोचवायला आले. मी विचारलं, "चाचा, अप्पा शेवटी काय म्हणाले?"

त्यांनी माझी पिशवी रिक्षात ठेवली. वर बघितलं नाही.

"खरं सांगू, बेटी? शेवटचं वरीसभर मला बी काही कळत नव्हतं. आधी कळायचं. मग न्हाई. तुमचे चेहरे असे व्हायचे ना, म्हनून मी आपलं मनानं सांगायचो."

"आणि अप्पा?"

"मास्तर ऐकायचे. मी काय सांगतो ते ऐकायचे आन् मान हलवायचे. बरोबर हाय म्हनून." रिक्षावाल्यानं गाडी सुरू केली. चाचा जरा वाकले. "एकदा स्वेटरचं बोललो तुला फोनवर. तवा हसले होते. आवाज न्हाई आला, पन हसले."